विश्लेषण : भंगारातल्या भागांतून दमदार 'व्ही-८' इंजिन! काय बसते, काय जुळते, कुठे फसते?

एका गाडीचा ब्लॉक, दुसरीचा क्रँकशाफ्ट, तिसरीची हेड आणि गॅरेजच्या फळीवर वर्षानुवर्षे पडून असलेला कार्ब्युरेटर. अशा बारा गावच्या भागांतून रोज रस्त्यावर चालवता येईल असे इंजिन कमी खर्चात उभे करण्याची परंपरा अमेरिकेत जुनी आहे. तिच्या केंद्रस्थानी आहे शेव्हरोलेचे 'स्मॉल ब्लॉक व्ही-८'. या कुटुंबातले भाग एकमेकांना बसतात, हे खरे. पण बसणे आणि जुळणे यांत फरक असतो आणि तो फरक कळला नाही तर स्वस्तातले इंजिन सर्वांत महाग पडते. हे गणित नेमके काय आहे?

हे इंजिन कोणते आणि तेच का?

स्वतः गाडी उघडून तिचा वेग वाढवण्याचा छंद अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच, विशेषतः दक्षिण कॅलिफोर्नियात रुजला. कोरड्या तलावांच्या सपाट तळावर शर्यती होत. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडणारे व्ही-८ इंजिन आणले आणि पुढची २० वर्षे हेच या हौशी मंडळींचे आवडते इंजिन ठरले. महायुद्धानंतर हा छंद देशभर पसरला. १९४८ साली 'हॉट रॉड' मासिक निघाले, तर १९५१ मध्ये शर्यतींना शिस्त लावणारी 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' स्थापन झाली.

चित्र बदलले ते १९५५ च्या मॉडेलपासून. मुख्य अभियंता एड कोल यांच्या नेतृत्वाखाली शेव्हरोलेने २६५ घन इंचांचे नवे व्ही-८ आणले. ते आटोपशीर होते, हलके होते आणि वेगाने फिरण्याची त्याची तयारी होती. याच आराखड्याची इंजिने मोटारींत, पिकअप ट्रकमध्ये, व्हॅनमध्ये आणि बोटींतही बसू लागली. जनरल मोटर्सने २०११ साली १० कोटीव्या 'स्मॉल ब्लॉक'चा सोहळा केला. या आकड्यात नंतरच्या नव्या पिढ्यांची इंजिनेही येतात. तरीही इतकी इंजिने बनली म्हणजे तितकेच सुटे भागही देशभरातल्या भंगार अंगणांत पोहोचले. स्वस्त इंजिनाची गोष्ट सुरू होते ती इथून.

घन इंच हे माप भारतीय वाचकाला परके वाटेल. एक घन इंच म्हणजे सुमारे १६.४ सीसी. या कुटुंबातले सर्वांत परिचित '३५०' इंजिन म्हणजे ५.७ लिटरचे. त्याचा एकच सिलिंडर साधारण ७१७ सीसीचा भरतो. जुन्या मारुती ८०० चे संपूर्ण इंजिन ७९६ सीसीचे होते, हे आठवले की आकाराचा अंदाज येतो.

वेगवेगळ्या वर्षांचे भाग एकमेकांना बसतात कसे?

याचे मूळ एका मापात आहे. शेजारच्या दोन सिलिंडरांच्या केंद्रांमधील अंतर ४.४० इंच, म्हणजे सुमारे ११२ मिलिमीटर. हे अंतर १९५५ पासून कायम राहिले. ब्लॉकची उंचीही, म्हणजे क्रँकच्या मध्यापासून हेड बसते त्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर, ९.०२५ इंच अशीच राहिली. कारखान्याने बदलला तो मुख्यतः सिलिंडरचा व्यास (बोअर) आणि पिस्टनची वर-खाली धाव (स्ट्रोक).

२६५ मध्ये बोअर ३.७५ इंच आणि स्ट्रोक ३ इंच होता. १९५७ च्या २८३ मध्ये बोअर ३.८७५ इंच झाला, स्ट्रोक तोच राहिला. १९६२ च्या ३२७ मध्ये बोअर ४ इंच आणि स्ट्रोक ३.२५ इंच. १९६७ च्या ३५० मध्ये बोअर तोच ४ इंच, पण स्ट्रोक ३.४८ इंच. १९७० मध्ये आलेल्या ४०० मध्ये बोअर ४.१२५ आणि स्ट्रोक ३.७५ इंच. १९७६ चे ३०५ हे याच्या उलट. त्यात ३५० चाच स्ट्रोक ठेवून बोअर ३.७३६ इंचांपर्यंत घटवला गेला.

थोडक्यात, ही सगळी एकाच साच्याची भावंडे. त्यामुळे एकाचे हेड दुसऱ्याच्या ब्लॉकवर बसते, एकाचा क्रँक थोड्या कामानंतर दुसऱ्यात जातो.

भाग मिसळण्याचा खेळ केवळ हौशी लोकांचा?

नाही. तो कारखान्यानेही खेळला. १९६० च्या दशकातल्या 'ट्रान्स-ॲम' शर्यतींत इंजिनाची मर्यादा ३०५ घन इंच होती. तिथे उतरण्यासाठी शेव्हरोलेने ३२७ चा ४ इंची बोअर आणि २८३ चा ३ इंची स्ट्रोक एकत्र आणले. त्यातून ३०२ घन इंचांचे इंजिन तयार झाले. १९६७ ते १९६९ च्या कॅमॅरो झेड/२८ मध्ये तेच होते. १९६८ मध्ये याचे उलट गणित मांडले गेले. २८३ चा बोअर आणि ३२७ चा स्ट्रोक मिळून ३०७ झाले. पहिले इंजिन शर्यतीचे, दुसरे साध्या घरगुती गाडीचे. भागांचे कपाट एकच, निवड वेगळी.

यातून एक सावधगिरीही निघते. ३२७ आणि ३५० या दोन्हींचा बोअर ४ इंच. ब्लॉकच्या मागच्या बाजूस ओतलेला '३९७००१०' हा क्रमांक पाहून तो ३५० आहे असे अनेक जण धरून चालतात. पण याच ओतीव ब्लॉकमधून ३०२ आणि ३२७ ही इंजिनेही निघाली आहेत. म्हणजे आत कोणता क्रँक आहे हे पिस्टनची धाव प्रत्यक्ष मोजल्याशिवाय कळत नाही. भंगार अंगणातल्या विक्रेत्याचा शब्द, हेडवरच्या झाकणाचा रंग किंवा त्यावरची पट्टी यांपैकी काहीही पुरावा ठरत नाही.

'३८३' म्हणजे काय?

मिश्र भागांच्या इंजिनांत सर्वांत गाजलेला प्रकार हाच. ३५० चा ब्लॉक घ्यायचा, झिजलेले सिलिंडर ०.०३० इंच, म्हणजे लेथवाल्यांच्या भाषेत ३० थाऊ, रिबोअर करून ४.०३० इंचांचे करायचे आणि त्यात ४०० चा ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँक बसवायचा. आठ सिलिंडरांची बेरीज ३८२.७ घन इंच भरते, म्हणून नाव ३८३. सुमारे ६.३ लिटर. धाव वाढल्याने कमी फेऱ्यांतच जोर मिळतो आणि रस्त्यावरच्या गाडीला नेमके तेच हवे असते.

पण क्रँक थेट आत जात नाही. ४०० च्या क्रँकचे मुख्य जर्नल, म्हणजे ब्लॉकमधील बेअरिंगवर फिरणारा भाग, २.६५ इंच व्यासाचे आहेत. ३५० च्या ब्लॉकला २.४५ इंच लागतात. म्हणून क्रँक घासून बारीक करावा लागतो. शिवाय लांब धावेमुळे कनेक्टिंग रॉडचे बोल्ट खाली ब्लॉकच्या कडेला आणि वर कॅमशाफ्टला घासू शकतात. तिथे ब्लॉक किंचित कोरावा लागतो आणि क्रँक हाताने पूर्ण फिरवून प्रत्येक रॉडची मोकळीक पाहावी लागते.

याहून महत्त्वाची आहे उंचीची बेरीज. स्ट्रोकची निम्मी लांबी, रॉडची लांबी आणि पिस्टनच्या पिनपासून माथ्यापर्यंतची उंची या तिन्हींची बेरीज ब्लॉकच्या ९.०२५ इंचांत मावली पाहिजे. मूळ ३५० मध्ये ही बेरीज १.७४ + ५.७० + १.५६ म्हणजे ९ इंच. पिस्टन वर आल्यावर ब्लॉकच्या कडेपासून २५ थाऊ खाली थांबतो. आता त्याच रॉड आणि पिस्टनसह ४०० चा क्रँक बसवला तर १.८७५ + ५.७० + १.५६ म्हणजे ९.१३५ इंच. पिस्टन ब्लॉकच्या बाहेर ११० थाऊ, म्हणजे जवळजवळ तीन मिलिमीटर डोकावतो आणि थेट हेडवर आपटतो.

गंमत अशी की ४०० चा मूळ रॉड ५.५६५ इंचांचा, आखूड आहे. तो घेतला तर १.८७५ + ५.५६५ + १.५६, बेरीज पुन्हा ९ इंच! म्हणजे क्रँकबरोबर रॉडही ४०० चे घेतले, तर ३५० चे पिस्टन वापरता येतात. रॉड ५.७ इंचांचेच ठेवायचे असतील, तर पिनची जागा वर असलेले वेगळे पिस्टन विकत घ्यावे लागतात. कागदावरची ही तीन ओळींची बेरीज कोणतीही वस्तू विकत घेण्याआधी करायची असते.

बसले म्हणजे जुळले का?

इथेच बहुतेकांची फसगत होते. पहिला सापळा तोलाचा. २८३, ३२७, ३५० यांच्या जुन्या क्रँकचा तोल क्रँकवरील वजनांनीच साधलेला असतो. ४०० चा क्रँक मात्र लांब धावेमुळे एकटा तोल साधू शकत नाही. पुढचा डॅम्पर आणि मागचे फ्लायव्हील या दोन्हींवर मुद्दाम एका बाजूला जास्त वजन ठेवलेले असते. ४०० च्या क्रँकला ३५० चा डॅम्पर सहज बसतो, बोल्टही नीट लागतात. इंजिन सुरू होते आणि थरथरू लागते. तसेच चालवत राहिल्यास बेअरिंग जातात आणि शेवटी क्रँकही तुटू शकतो.

दुसरा सापळा १९८६ चा. त्या वर्षापासून क्रँकच्या मागच्या टोकाचे तेल रोखणारे सील दोन तुकड्यांऐवजी एकसंध झाले. त्यामुळे क्रँकचा मागचा भाग, फ्लायव्हीलची बोल्टरचना आणि तिथला तोल हे सारे बदलले. जुना ब्लॉक आणि नवा क्रँक असा संसार जुळवणीच्या खास भागांशिवाय चालत नाही.

तिसरा सापळा हेडचा. १९९६ ते २००२ दरम्यान शेव्हरोलेच्या ट्रक आणि व्हॅनमधील ३५० वर 'व्हॉर्टेक' नावाची बिडाची हेड आली. हवा आत घेण्याची त्यांची क्षमता जुन्या हेडपेक्षा कितीतरी चांगली, म्हणून कमी खर्चात ताकद हवी असणाऱ्यांची ती पहिली पसंती ठरली. ती जुन्या ब्लॉकवर बसतात. पण त्यांचा इनटेक मॅनिफोल्ड आठ बोल्टांचा, तर जुना बारा बोल्टांचा. म्हणजे घरी असलेला जुना मॅनिफोल्ड निरुपयोगी. रॉकरही वेगळ्या प्रकारचे लागतात. मूळ स्प्रिंग आणि व्हॉल्व्ह गाइडमुळे व्हॉल्व्हची उचल साधारण ०.४६ ते ०.४७ इंचांपुढे नेता येत नाही. त्याहून उंच कॅम घातला तर वरचे भाग एकमेकांवर आपटतात. या हेडना तडे जाण्याची खोडही आहे. त्यामुळे तडा तपासून घेतल्याशिवाय पैसे मोजणे म्हणजे जुगार.

चौथा सापळा ४०० च्या ब्लॉकचा. मोठ्या बोअरमुळे त्याच्या शेजारच्या सिलिंडरांच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या आहेत, मधून पाणी जात नाही. तिथे साचणारी वाफ निघून जावी म्हणून ब्लॉक आणि हेडमध्ये बारीक छिद्रे असतात. ३५० ची हेड तशीच या ब्लॉकवर लावली तर वाफेची वाट बंद होते आणि इंजिन तापते. गॅस्केटच्या खुणेनुसार हेडला छिद्रे पाडली की काम भागते. ती पाडायची आहेत हे माहीत हवे.

कॉम्प्रेशनचे गणित कसे बिघडते?

पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये असलेली जागा आणि पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा यांचे गुणोत्तर म्हणजे कॉम्प्रेशन रेशो. तो वाढला की त्याच इंधनातून जास्त काम मिळते. मर्यादेबाहेर गेला की ठिणगीनंतर उरलेले मिश्रण दाबाने आपोआप भडकते, इंजिन नॉकिंग करू लागते आणि पिस्टन व बेअरिंगवर घाव बसतात.

एक उदाहरण. ४.०३० इंचांपर्यंत रिबोअर केलेल्या ३५० च्या एका सिलिंडरची धाव ७२७ सीसी भरते. सपाट माथ्याच्या पिस्टनमधील व्हॉल्व्हसाठीचे खाचे ६ सीसी, दाबलेल्या गॅस्केटची जागा सुमारे ८.४ सीसी, २५ थाऊ मोकळीक म्हणजे ५.२ सीसी. राहिली हेडमधील पोकळी. १९७० च्या दशकातले ७६ सीसीचे हेड लावले तर रेशो ८.६ येतो. इंजिन चालेल, पण मंद. व्हॉर्टेकचे ६४ सीसीचे हेड लावले तर ९.७. आणि 'छोटी पोकळी म्हणजे जास्त ताकद' म्हणून ३०५ वरचे ५८ सीसीचे हेड लावले तर १०.४. या शेवटच्या हेडचे इनटेक व्हॉल्व्ह १.८४ इंचांचे, म्हणजे लहान आहेत. त्यामुळे दाब वाढतो, पण जास्त फेऱ्यांना श्वास अपुरा पडतो.

आता तेच ६४ सीसीचे हेड आणि तसेच सपाट पिस्टन ३८३ मध्ये घातले, तर धाव ७८४ सीसी झाल्याने रेशो ९.७ वरून १०.४ वर जातो. एकही हेड न बदलता! म्हणून ३८३ साठी अनेकदा खोलगट माथ्याचे पिस्टन घेतात. १८ सीसीची खोली असेल तर रेशो ९.२ वर येतो. बिडाची हेड, कार्ब्युरेटर आणि पंपावरचे पेट्रोल या जोडीला ९ ते ९.५ हा सुखाचा पट्टा मानला जातो. अमेरिकेत पंपावर ८७ असा लिहिलेला ऑक्टेन क्रमांक भारतातील साधारण ९१ च्या जवळपासचा असतो, कारण मोजण्याची पद्धत वेगळी आहे.

मोठा कॅम, मोठा कार्ब्युरेटर म्हणजे चांगले इंजिन?

फुकट मिळालेले भाग बहुधा कुणाच्या तरी शर्यतीच्या स्वप्नातून उरलेले असतात. त्यामुळे ते गरजेपेक्षा मोठे निघतात. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅम जास्त फेऱ्यांना ताकद देतो, पण कमी फेऱ्यांना सिलिंडरमधला दाब गळू देतो. कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनात असा कॅम घातला तर सिग्नलवरून गाडी उचलत नाही, व्हॅक्यूम पडल्याने ब्रेकचा बूस्टरही हात आखडता घेतो. आवाज मात्र दणदणीत येतो आणि त्यालाच पुष्कळ जण भुलतात.

कार्ब्युरेटरचा हिशेब आणखी सोपा. घन इंच गुणिले कमाल फेरे, भागिले ३४५६. रिबोअर केलेले ३५० म्हणजे ३५५ घन इंच. ५५०० फेऱ्यांना त्याला मिनिटाला ५६५ घनफूट हवा लागेल, तीही सिलिंडर शंभर टक्के भरले तर. प्रत्यक्षात ते ८५ टक्क्यांच्या आसपास भरतात, म्हणजे गरज सुमारे ४८०. त्यामुळे ६०० घनफुटांचा जुना कार्ब्युरेटर पुरेसा आहे. ३८३ लाही हाच हिशेब लावला तर गरज सव्वापाचशेच्या खालीच राहते. फळीवर ८५० चा पडून आहे म्हणून तोच लावणे म्हणजे लहान मुलाला बापाचे बूट घालणे.

पैसा कुठे वाचवायचा आणि कुठे नाही?

मराठीत म्हण आहे, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. या इंजिनांचा ताळेबंद नेमका तसाच असतो. ब्लॉक फुकट मिळतो. त्याची धुलाई, तड्यांची तपासणी, रिबोअर, होनिंग, क्रँक घासणे, रॉड पुन्हा गोल करणे, हेडच्या व्हॉल्व्ह सीट बसवणे ही कामे फुकट होत नाहीत. ३८३ मध्ये रॉड आणि पिस्टन बदललेले असल्याने सगळ्या फिरत्या भागांचा तोल नव्याने साधावा लागतो, तो खर्च वेगळा.

वाचवण्यासारख्या जागाही आहेत. रस्त्यावरच्या इंजिनाला चार बोल्टांच्या मुख्य बेअरिंग-कॅपचा दुर्मीळ ब्लॉक लागत नाही, दोन बोल्टांचा पुरतो. घडीव क्रँकऐवजी मापात असलेला ओतीव क्रँक चालतो. मूळ रॉड चालतात, कारखान्याचा जुना चार बॅरलचा कार्ब्युरेटर नवे किट टाकून चालतो, बिडाचा मॅनिफोल्डही चालतो.

जिथे वाचवू नये ती यादी छोटी पण कडक आहे : बेअरिंग, रिंग, गॅस्केट, टायमिंग चेन, ऑइल पंप आणि रॉडचे बोल्ट. मिनिटाला पाच हजार फेऱ्यांना रॉडचा एक जुना बोल्ट तुटला तर रॉड ब्लॉकची भिंत फोडून बाहेर येतो आणि वाचवलेल्या काही डॉलरांपायी सगळे इंजिन भंगारात परत जाते. साधा, सपाट टॅपेटचा कॅम वापरायचा असेल तर जुने टॅपेट नव्या कॅमवर कधीही घालायचे नसतात. प्रत्येक टॅपेट आपापल्या लोबशी घासून जुळलेला असतो. जोडी मोडली की दोन्ही झिजतात.

म्हणून अनुभवी कारागीर काम सुरू करण्याआधी कागदावर दोन रकाने आखतात. एकात हाती असलेले भाग, दुसऱ्यात ते वापरण्यायोग्य करण्याचा खर्च. जनरल मोटर्स याच कुटुंबातले तयार, नवे ३५० इंजिन पेटीतून काही हजार डॉलरना विकत आली आहे. दुसऱ्या रकान्याची बेरीज त्या किमतीजवळ पोहोचू लागली, की थांबणे हेच शहाणपण. अनेकांचे इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात अर्धवट पडून राहते ते हा कागद आधी न लिहिल्यामुळे.

मोजमाप कशाने करतात?

साधने महागडी नाहीत. बेअरिंगमधील मोकळीक जर्नलच्या प्रत्येक इंचामागे एक थाऊ, म्हणजे २.४५ इंचाला साधारण अडीच थाऊ, असा ढोबळ नियम आहे. ती मोजायला जर्नलवर मेणासारखा मऊ प्लॅस्टिकचा धागा ठेवून कॅप आवळतात आणि चपटा झालेला धागा पट्टीशी ताडून पाहतात. रिंगच्या दोन टोकांतील फट बोअरच्या प्रत्येक इंचामागे चार थाऊ, म्हणजे ४ इंचाला सुमारे १६ थाऊ. व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो का हे पाहायला पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातली माती ठेवतात, हेड लावून क्रँक दोन फेरे हाताने फिरवतात आणि मातीवरच्या ठशाची जाडी मोजतात. इनटेकला ८० थाऊ आणि एक्झॉस्टला १०० थाऊ मोकळीक ही रूढ किमान मर्यादा. भाग वेगवेगळ्या गाड्यांचे असल्याने इथे पुस्तकातला आकडा विश्वासाचा नसतो. समोरच्या धातूचे मापच खरे.

पहिली २० मिनिटे इतकी महत्त्वाची का?

इंजिन प्रथमच सुरू होते तेव्हा आत तेल पोहोचलेले नसते. या इंजिनात ऑइल पंप डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याने फिरतो. म्हणून डिस्ट्रिब्युटर काढून त्या जागी लांब दांडा घालतात, तो ड्रिल मशीनने फिरवतात आणि प्रत्येक रॉकरपाशी तेल आल्याचे पाहतात. सपाट टॅपेटचा कॅम असेल तर सुरू होताच इंजिन २००० फेऱ्यांच्या वर सुमारे २० मिनिटे ठेवावे लागते. मंद फेऱ्यांवर लोबला तेल कमी मिळते आणि नवा कॅम तिथेच झिजतो. अलीकडच्या तेलांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या रक्षणासाठी जस्त-फॉस्फरसचे प्रमाण घटवले आहे, म्हणून अशा इंजिनांसाठी ते जास्त असलेले तेल वापरतात. इंजिन सुरू झाले की थांबून टायमिंग जुळवण्याची सोय या २० मिनिटांत नसते. ठिणगीची वेळ, इंधन, पाणी हे सारे आधीच तयार हवे. महिनोन्‌महिन्यांची मेहनत या वेळात तरते किंवा बुडते.

इतके करून हाती काय येते?

१९७५ च्या कॅमॅरोतील दोन बॅरल कार्ब्युरेटरच्या ३५० ची कारखान्याची नोंद १४५ अश्वशक्तीची होती. प्रदूषण नियमांसाठी कॉम्प्रेशन उतरवलेले होते आणि १९७२ पासून ताकद मोजण्याची पद्धतही अधिक काटेकोर झाली होती. व्हॉर्टेक हेडचे ट्रकमधील ३५० कारखान्यातूनच २५५ अश्वशक्तीचे निघत असे. ती हेड, बेताचा कॅम, चार बॅरलचा कार्ब्युरेटर आणि नीट जुळवलेला रिबोअर ब्लॉक यांतून इंजिनाच्या चाचणीयंत्रावर ३०० अश्वशक्तीच्या पुढे जाणे अवघड राहिलेले नाही. यात विशेष महाग असा एकही भाग नाही. आहे तो भागांमधला मेळ.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने हे क्षेत्र बदलले. गाडीतील प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढणे बेकायदा आहे. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलना धूर तपासणीतून सूट आहे. त्यानंतरच्या गाडीत बदली इंजिन घालायचे तर ते गाडीच्याच वर्षाचे किंवा नंतरचे असावे लागते. जुन्या गाड्यांना त्यामुळेच हौशी लोकांत मोठी मागणी असते.

भारतात चौकट अधिक घट्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रावरील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात ही तरतूद अधोरेखित केली. त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे इंजिन बदलता येते, पण परिवहन कार्यालयात त्याची नोंद करावी लागते. म्हणजे अमेरिकी गॅरेजमधला हा प्रयोग इथल्या रस्त्यावर जसाच्या तसा आणणे शक्य नाही. रिबोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालणे, क्रँक घासून घेणे ही दुरुस्तीची कामे मात्र पुणे-कोल्हापूरच्या वर्कशॉपना नवी नाहीत आणि तिथेही नियम तोच आहे : आधी माप, मग खरेदी.

ही परंपरा पुढे टिकेल?

१९९७ मध्ये जनरल मोटर्सने पूर्णपणे नव्या आराखड्याचे 'एलएस' इंजिन आणले. सिलिंडरांमधील अंतर त्यातही ४.४० इंचच ठेवले गेले, पण जुने भाग त्याला बसत नाहीत. पिकअप ट्रकमधून निघणारी ४.८ आणि ५.३ लिटरची ही इंजिने आता भंगार अंगणांत मुबलक आहेत. मूळ अवस्थेतच ती चांगली ताकद देतात. त्यामुळे नव्या पिढीचा स्वस्त पर्याय बहुधा हाच असतो. तिथे मिसळण्याचा खेळ धातूपेक्षा संगणक, सेन्सर आणि वायरिंगचा आहे.

जुन्या ३५० चे आकर्षण तरीही ओसरलेले नाही. ते सगळे हाताला लागते, डोळ्यांना दिसते आणि वहीतल्या बेरजेत मावते. १.८७५, ५.५६५, १.५६ ही बेरीज जमली तर बारा गावचे भाग एक इंजिन होतात. ती न करता केवळ बसले म्हणून बोल्ट आवळले, तर उरते ते रंग दिलेले भंगार.